सीडी की एसएसीडी: फरक तबकडीत असतो की मास्टरमध्ये?

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या तीनेकशे सीडी आहेत, बऱ्याच वर्षांत एकेक करून जमवलेल्या. मुलाचं म्हणणं असं की, आता सुपर ऑडिओ सीडी म्हणजे एसएसीडी, ब्लू-रे ऑडिओ अशा हाय-रेझोल्यूशन तबकड्या आल्यावर साध्या सीडीत काही राम राहिलेला नाही. तो चांगला एसएसीडी प्लेअर घेऊन द्यायला तयार आहे. फरक खरंच ऐकू येतो का, प्लेअर घ्यावा का, आणि या तीनशे सीडींचं काय करायचं, असे त्यांचे तीन प्रश्न.

मी सांगली-मिरज भागात मैफिलींचं ध्वनिमुद्रण करतो आणि जुन्या टेप, तबकड्या डिजिटल करून देतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत सारखा येत असतो.

सर, सीडी अजिबात काढून टाकू नका. एकच ध्वनिमुद्रण, एकच मास्टर (ज्यावरून तबकड्या काढतात ती शेवटची तयार प्रत) आणि आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवली, तर सीडी आणि एसएसीडी यांतला फरक चांगल्या यंत्रणेवरसुद्धा जवळजवळ कुणाला ओळखता येत नाही. पण बाजारातून त्याच कलाकाराच्या त्याच रागाच्या दोन तबकड्या आणल्या तर त्या वेगळ्या वाजू शकतात, आणि तो भास नसतो. तो फरक मास्टरिंगमधून, म्हणजे मास्टर तयार करताना आवाजावर केलेल्या कामातून आलेला असतो. मुलाने कुठेतरी एसएसीडी ऐकली असेल आणि ती त्याला जास्त आवडली असेल, तर त्याच्या कानांवर विश्वास ठेवा. कारण मात्र वेगळं शोधावं लागेल.

आधी तबकडीवर काय असतं ते पाहू. सीडीचं मानक सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलं आणि १९८२ मध्ये ती जपानात विक्रीला आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची त्या त्या क्षणाची मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने बसवले, तर अमेरिका-जपानची सेकंदाला ६० फील्डची (अर्ध्या चित्रांची) पद्धत आणि युरोपची ५० फील्डची पद्धत या दोन्हींत जुळणारा आकडा हाच निघत होता. एसएसीडी १९९९ मध्ये याच दोन कंपन्यांनी आणली. तिची पद्धत निराळी आहे. डीएसडी म्हणतात तिला. नमुना फक्त एका बिटाचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या बरोबर ६४ पट. डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या सुमारास आली, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जात होती, पण बाजारात टिकली नाही. तिच्यामागे लागू नका. ब्लू-रेवर आज २४ बिट, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचा आवाज मिळतो. जपानी एसएचएम-सीडी मात्र या यादीत धरू नका. तिचं प्लास्टिक वेगळं असतं, आतली माहिती तीच १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची.

आता बिट म्हणजे काय मिळतं? बिट वाढले की तळाचा खरखराट खाली जातो, एवढंच. आवाज 'बारीक' किंवा 'गुळगुळीत' होत नाही. १६ बिटांत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. हे अंतर केवढं आहे ते तुमच्या बैठकीच्या खोलीत मोजून पाहा. रात्री अकराला, पंखा बंद, रस्ता शांत, तरी खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावला की ४० च्या वर. सीडीच्या तळाचा खरखराट या ३० डेसिबलच्या बरोबरीला आणायचा, तर सर्वांत मोठा आवाज १२६ डेसिबलला जाईल. त्या पातळीला कान दुखायला लागतात, शेजारी दार वाजवतात, आणि घरगुती स्पीकर बहुधा त्याआधीच जळालेला असतो. आपण घरी ऐकतो तेव्हा या ९६ पैकी पन्नास-साठ डेसिबलच कामी येतात. शिवाय तुमच्या संग्रहातली बरीचशी जुनी ध्वनिमुद्रणं मुळात ॲनालॉग टेपवरची असणार. त्या टेपची झेपच साठ-सत्तर डेसिबलच्या आसपास. टेपची सळसळ २४ बिटांत घातली तर ती सळसळ जास्त काटेकोरपणे साठवली जाते, गाणं मोठं होत नाही.

नमुन्यांच्या संख्येबद्दल एक समज फार पक्का बसला आहे. जाहिरातीत एक चित्र असतं: सीडीचा आवाज म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची रेघ आणि हाय-रेझोल्यूशन म्हणजे गुळगुळीत वळण. हे चित्र चुकीचं आहे. प्लेअरमधून बाहेर येणारा आवाज पायऱ्यांचा नसतो. नमुना घेण्याच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतची कोणतीही कंप्रता नमुन्यांवरून पूर्ण आणि नेमकी परत उभी राहते. सीडीच्या बाबतीत ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ. त्याखालच्या आवाजासाठी जास्त नमुने घेतल्याने काही जास्त मिळत नाही. तबल्याची थाप सीडीवर बोथट होते, कारण दोन नमुन्यांमध्ये वेळ जातो, हेही मी अनेकदा ऐकतो. तसं होत नाही. थाप दोन नमुन्यांच्या मध्ये पडली तरी तिची नेमकी वेळ आजूबाजूच्या नमुन्यांच्या किमतींत उतरलेली असते. एखाद्या सीडीवर तबला बोथट वाटला, तर मायक्रोफोन कुठे होता आणि मास्टरिंग करताना कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं यंत्र) किती दाबला होता हे आधी बघावं.

जास्त नमुन्यांनी मिळतो तो २२ किलोहर्ट्झच्या वरचा प्रदेश. तरुण, निरोगी कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशी-साठीनंतर १२-१४ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. यात कमीपणा काही नाही, गाण्याचा गाभा त्याच्या कितीतरी खाली असतो. उलट वरचा प्रदेश कधीकधी त्रासच देतो. डीएसडीमध्ये एका बिटाचा खरखराट मुद्दाम २० किलोहर्ट्झच्या वर ढकललेला असतो. साध्या ॲम्प्लिफायरला तो झेपला नाही, तर त्याचं मिश्रण होऊन खालच्या, ऐकू येणाऱ्या भागात विकृती येते.

हे कानाने समजून घ्यायचं असेल तर मिरजेला या. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना एकदा शेजारी बसा. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतो आणि बोटाच्या टोकाने तो केसभर पुढेमागे सरकवतो. तारेचा ताण बदललेला नसतो, खुंटीला हात लावलेला नसतो, तरी एका जागी तार मुकी वाटते आणि त्याच्या जरा पुढे ती एकदम खुलते. तिच्यातून वरचे स्वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घुमायला लागतात. पुन्हा थोडं सरकवलं की आवाज पसरट होतो. तिथे मी मायक्रोफोन घेऊन बऱ्याचदा बसलो आहे. दोऱ्याच्या त्या केसभर सरकण्याने होणारा फरक सीडीवर अगदी स्वच्छ उतरतो. मायक्रोफोन भोपळ्याकडून घोडीकडे वीतभर नेला, तर तोही फरक उतरतो.

आता हिशोब बघा. काळी एकच्या षड्जाची जोडीची तार साधारण १३८ हर्ट्झला बोलते. सीडीची मर्यादा २२,०५० हर्ट्झ. म्हणजे त्या तारेचे दीडशेहून जास्त वरचे स्वर सीडीत मावतात. ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा, तो पाचवा. खर्जाची तार जोडीच्या तारेच्या निम्म्यावर बोलते, त्याच्या पाचपट. तो ३५० हर्ट्झच्या आतच असतो. जवारीचं सगळं सौंदर्य पुढच्या काही हजार हर्ट्झमध्ये आहे आणि ते सीडीत पूर्ण बसतं. एखाद्या सीडीवर तंबोरा पातळ, पत्र्यासारखा वाजत असेल, तर तो तसाच ध्वनिमुद्रित झाला आहे किंवा नंतर कुणीतरी तो तसा केला आहे.

आणि नंतर करणारे पुष्कळ करतात. १९९० नंतर सीडी जास्तीत जास्त जोरात वाजावी याची चढाओढ लागली. जोरात करण्यासाठी मोठे आवाज दाबायचे आणि सगळंच वर उचलायचं. विलंबित ख्यालात हे फार खुपतं. पहिल्या आलापीत गायक मुद्दाम राखून गातो आणि द्रुतात मोकळा होतो. दाबलेल्या मास्टरवर आलापी आणि तानेचा आवाज एकाच उंचीवर येतात. मैफिलीची चढण निघून जाते. जुनी ध्वनिमुद्रणं नव्याने काढताना आणखी एक अपराध होतो. सळसळ काढण्याचं सॉफ्टवेअर इतकं लावतात की तिच्याबरोबर तंबोऱ्याची घुमही जाते आणि गायकाच्या श्वासामागची खोली मरते. एसएसीडी विकत घेणारा श्रोता लक्ष देऊन ऐकणारा असतो हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून त्या आवृत्तीचं मास्टरिंग बरेचदा संयमाने होतं. मुलाला आवडली ती ही गोष्ट असणार. तोच संयमाने केलेला मास्टर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवला तर त्याचं सौंदर्य तसंच राहतं.

यावर नीट प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत बॉस्टनच्या श्रोत्यांवर मेयर आणि मोरान यांनी केलेली चाचणी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आली. त्यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज कधी थेट ऐकवला, तर कधी मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या यंत्रातून काढून ऐकवला. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं. संगीत बंद करून आवाज खूपच वाढवला तेव्हा मात्र सीडीच्या तळाचा खरखराट लोकांना ओळखू आला, आणि तसाच तो यायला हवा. या प्रयोगावर आक्षेपही आहे: त्यातल्या काही तबकड्यांचं मूळ ध्वनिमुद्रणच हाय-रेझोल्यूशन नव्हतं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे १२,००० हून अधिक निकाल एकत्र तपासले. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. आधी कानांना सराव दिलेल्या श्रोत्यांत ते साठ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे फरक शून्य आहे असं छातीठोक म्हणू नये. तो इतका सूक्ष्म आहे की शोधायला सराव लागतो, एवढं नक्की.

मग मी स्वतः २४ बिट का वापरतो? काम करताना त्याचा उपयोग फार मोठा आहे. भावे नाट्यमंदिरात मैफल सुरू होण्याआधी गायक किती मोकळं गातील हे कुणी सांगू शकत नाही. मी पातळी भरपूर खाली ठेवतो. तार सप्तकात आवाज फाटला तर तो क्षण परत मिळत नाही, आणि २४ बिटांत पातळी खाली ठेवूनही तळ स्वच्छ राहतो. पुढे संपादन करताना बेरजा-वजाबाक्या होतात, त्यांच्या चुका साठू नयेत म्हणूनही जादा बिट हवेत. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या उतरवतानाही मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवतो. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या घ्या. गाणं काही हजार हर्ट्झपर्यंतच आहे, त्याच्या वर फक्त सुईची खरखर. पण चरे आणि टिकटिक या खूप वरपर्यंत जाणाऱ्या गोष्टी आहेत. त्या पूर्ण उतरल्या तर सॉफ्टवेअरला त्या सुरापासून नेमक्या वेगळ्या काढता येतात. काम झाल्यावर ऐकणाऱ्याला मी निःशंकपणे सीडीच देतो.

ऐकणाऱ्यासाठी एसएसीडी आणि ब्लू-रेची खरी जमेची बाजू एकच: दोनपेक्षा जास्त वाहिन्या, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज. सहा वाहिन्यांत सभागृहाचा अवकाश मागून, बाजूने येतो आणि तो फरक कुणालाही डोळे मिटून कळतो. पण त्याला पाच स्पीकर, खर्जासाठी सहावा, आणि ते मांडायला जागा लागते, आणि आपल्या संगीताच्या अशा तबकड्या फारच थोड्या आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकत असाल तर निवड बरी आहे.

प्लेअर घ्यायचाच ठरलं तर दोन गोष्टी दुकानातच तपासा. बऱ्याच एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे एकाच तबकडीवर एसएसीडीचा आणि साध्या सीडीचा असे दोन थर. एसएसीडीच्या थरातला आवाज नेहमीच्या ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल वायरीतून बाहेर येत नाही. तो ॲनालॉग वायरीतून किंवा एचडीएमआयमधून घ्यावा लागतो. अनेक घरांत ऑप्टिकल लावलेली असते आणि मंडळी हायब्रिड तबकडीचा सीडीचाच थर ऐकून 'वा, काय फरक आहे' म्हणत असतात. दुसरं, बरेच रिसीव्हर डीएसडी आत घेतल्यावर त्याचं नेहमीच्या पद्धतीत रूपांतर करूनच वाजवतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजताना हे माहीत असावं.

हायब्रिड तबकडीवर दोन्ही थर असतात, तेव्हा बटण दाबून तुलना करता येईल असं वाटतं. ती तुलना फसवी आहे. दोन थरांच्या पातळीत बहुधा काही डेसिबलचा फरक असतो, आणि एक डेसिबल जरी जोरात वाजलं तरी कान त्याला 'जोरात' म्हणत नाही, 'जास्त स्पष्ट' म्हणतो. मास्टरही वेगळे असू शकतात. खरी परीक्षा मुलाला संगणकावर करायला सांगा. चांगल्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या एका फाइलची प्रत घ्यायची, ती १६ बिट, ४४.१ वर आणायची, डिथर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला बारीक खरखराट) लावून. मग तीच प्रत पुन्हा २४ बिट, ९६ वर न्यायची. गेलेलं परत येत नाही, पण दोन्ही फाइली आता सारख्याच वेगाच्या दिसतात, म्हणून यंत्र बदलताना टक् असा आवाज करून चुगली करत नाही. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकट होतं. मग फूबार २००० या प्लेअरमधली एबीएक्स तुलना लावा. कुठली फाइल वाजते आहे ते न दाखवता ती तुम्हाला विचारते. १६ वेळा ऐकून १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे आणि तुमच्या कानांना फरक कळतो असं मानायला हरकत नाही. तसं झालं तर एसएसीडी खुशाल घ्या.

ऑडॅसिटीत त्याच बैठकीत स्पेक्ट्रोग्रामही, म्हणजे कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, बघून घ्या. हाय-रेझोल्यूशन म्हणून विकलेल्या फाइलीत २२ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसली, तर ती मुळात सीडीच आहे. मोठा डबा, आत माल तोच.

प्लेअरचे पैसे माझ्या मते खोलीत आणि स्पीकरमध्ये घाला. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. स्लॅबची खोली, खाली फरशी, भिंतीवर एक कॅलेंडर, असं असेल तर हे होणारच. जमिनीवर जाड जाजम किंवा दोन सतरंज्या एकावर एक टाका, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, समोरच्या भिंतीवर दुपदरी गोधडी. पातळ चादरीने फक्त वरचे आवाज थोडे शोषले जातात, म्हणून जाडीला महत्त्व आहे. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या, त्यांचा लहान पडदा तुमच्या कानाच्या उंचीवर आणा, आणि दोन स्पीकर व तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. यात होणारा फरक ओळखायला १६ वेळा ऐकावं लागणार नाही.

राहता राहिल्या तीनशे सीडी. सीडीची नाजूक बाजू लेबलची आहे. ॲल्युमिनियमचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून चरा पडला तर माहितीच जाते. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं आणि चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढते. पुसताना मऊ कापडाने मधून काठाकडे पुसा, गोल गोल नाही. पुराचं किंवा गळतीचं पाणी लागलेल्या सीडी चिखल वाळण्याआधी साध्या स्वच्छ पाण्यात धुवा, कागदी मुखपृष्ठं लगेच वेगळी काढा. ती लेबलला चिकटली की ओढताना थरच निघून येतो.

आणि सगळ्यांची संगणकावर प्रत करून ठेवा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर प्रत काढताना जगभरातल्या इतरांच्या प्रतींशी बेरीज ताडून ती बिनचूक आहे का ते सांगतं. फ्लॅक या प्रकारच्या फाइलींत ठेवा, त्यात काहीही गमावलं जात नाही. तासाभराच्या तबकडीला तीन-साडेतीनशे मेगाबाइट धरा, म्हणजे तुमचा सगळा संग्रह शंभर-सव्वाशे गीगाबाइटमध्ये येतो. सुरुवात मात्र विकत घेतलेल्या सीडींपासून करू नका. कुणी मित्राने घरच्या बैठकीचं किंवा शाळेतल्या कार्यक्रमाचं गाणं कोऱ्या सीडीवर उतरवून दिलेलं असेल, तर ती आधी घ्या. तिच्यातला रंग उन्हाने आणि वयाने उडत जातो, आणि ते गाणं दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.